रंगवलेले पाय

मी जव्हारला यायचं ठरवलं तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता. कृत्रिम हातपाय बनवायचं शिक्षण घेतलेली माणसं शहरातल्या मोठ्या इस्पितळात बसतात, पांढरा कोट घालून, पंख्याखाली. ही कुठं डोंगरात निघाली? मी कुणाचं ऐकलं नाही. ऐकून घेणं हा माझा गुणच नाही. आवाज मोठा, तोंड फटकळ, आणि राग आला की समोर कोण उभं आहे ते बघायची सवय नाही. पेशंट माझ्या मागे मला ‘कडक बाय’ म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

आमचं वर्कशॉप म्हणजे एका संस्थेच्या दवाखान्यामागची लांबट पत्र्याची खोली. एका कोपऱ्यात प्लास्टरचं टेबल, दुसऱ्या कोपऱ्यात प्लास्टिकचा पत्रा तापवायची भट्टी, मध्ये चालायला शिकण्यासाठी लावलेले दोन आडवे बार आणि त्यांच्यासमोर माणसाएवढा आरसा. इथं येणाऱ्या माणसांचे पाय नाना तऱ्हांनी गेलेले असतात. कुणाला शेतात जनावर चावलेलं, कुणाचा पाय साखरेनं सडलेला, कुणी ठाण्याला बांधकामावर गेलेला आणि वरून स्लॅबचा तुकडा पडलेला. पाय गेला की या डोंगरात माणूस घरात बसतो. शहरात तो खुर्चीवर तरी बसतो. इथं ओटीवर बसतो आणि सगळ्यांनी कामाला जाताना त्याच्याकडे बघायचं.

आमच्या शिक्षणात कॉलेज संपल्यावर काही महिने प्रत्यक्ष काम करावं लागतं. अनुभवी माणसाच्या हाताखाली, आणि तेही मान्यता असलेल्या केंद्रात. ते पुरं झालं तरच नोंदणी होते, मग स्वतःच्या जबाबदारीवर पेशंटला हात लावता येतो. नियम कडक आहे आणि तो कडकच असावा, असं मी आजही म्हणते. चुकीच्या सॉकेटनं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीनं, माणसाची कातडी फाटते, जखम होते, आणि गुडघ्याखाली गेलेला पाय मग मांडीपर्यंत जातो. मी असे पाय पाहिलेत. शिकाऊ माणसाच्या हातात कुणाचा पाय द्यायचा तर त्याच्या मागे कुणीतरी उभं पाहिजे, यात वादच नाही.

तर आमच्या केंद्राला तात्पुरती मान्यता मिळाली आणि पहिली शिकाऊ म्हणून जी मुलगी आली ती खोडाळ्याची. बापाची थोडी नागली, थोडा भात. तिच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नाही, आणि ही बाई मुंबईला राहून पदवी घेऊन आलेली. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटलं, “अगं, शहरात राहिली असतीस तर बरं झालं असतं. इथं काय ठेवलंय?” तर म्हणते, “मॅडम, तुम्ही राहिला नाहीत ना? मग मला कशाला सांगता?” मी मनात म्हटलं, चला, आपल्याला आपल्यासारखं कुणीतरी भेटलं.

ती आली आणि मला कळलं की इतकी वर्षं मी निम्मंच ऐकत होते. पेशंटना माझी मराठी समजते, पण ती त्यांची घरची बोली नव्हे. मी विचारायची, “दुखतंय का?” उत्तर ठरलेलं: “बरा हाय बाय.” पाय सोलून निघाला असला तरी बरा हाय. ती मात्र त्यांच्याच बोलीत, शेजारी जमिनीवर उकिडवी बसून, आधी पावसाचं, मग गुरांचं, मग नातवंडांचं विचारायची, आणि मधेच कधीतरी पायाचं. तेव्हा माणूस सांगायचा की इथं टोचतं, चढावर गुडघा मागे ओढतो, चिखलात पाऊल रुतून बसतं. मग ती परत साचा घ्यायची. तिच्या हाताला घाई नव्हती. प्लास्टर कालवताना मात्र सगळीकडे सांडून ठेवायची आणि माझ्या शिव्या खायची.

मी तिला पहिला धडा दिला तो मला माझ्या गुरूंनी दिलेला. पेशंटला चाल म्हणण्याआधी त्याचा पाय हातात घे आणि उलटा करून तळ बघ. रबराचा तळ कुठं झिजलाय? टाचेला झिजला असेल तर माणूस नीट टाच टेकतोय. नुसता बाहेरच्या कडेला झिजला असेल तर तुझा पाय तिरका बसलाय. पट्टा घामानं काळा पडलाय का? सांध्यात माती आहे का? माणूस भिडेखातर खोटं बोलेल, पाय बोलणार नाही. आणि तळ कोरा असेल तर समजून जा की तू कितीही सुबक काम केलंस तरी तुझा पाय घरात टांगून ठेवलेला आहे. तो पाय नापास.

तिचे पेशंट तिच्या हाताखाली चालू लागले. त्यातला एक म्हातारा सूर्यमाळचा, पाड्यावर राहणारा. वीटभट्टीवर ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला, गुडघ्याखाली कापलेला. कुबडी घेऊन आला तेव्हा मान वर करून बोलत नव्हता. तिनं त्याला पाय बनवून दिला, बारांमध्ये चालवला, मग मागच्या टेकाडावर चढवला, उतरवला. पावसाळ्यात तो भाताच्या बांधावर उभा राहून मजुरांवर ओरडत होता म्हणे. पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याच्या पायाचा तळ टाचेला मस्त झिजलेला, सांध्यात लाल माती गच्च, पट्ट्याला घामाचा असा वास की मी नाक दाबलं. मी तो पाय तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, “हे बघ, हे तुझं प्रगतिपुस्तक.” ती लाजली. म्हाताऱ्यालाही लाज वाटली, पण वेगळ्या कारणानं. एवढ्या मेहनतीनं दिलेली वस्तू आपण मळवली असं त्याला वाटलं. तो फडक्यानं पाय पुसायला लागला. मी हसले आणि विषय सोडून दिला. तेव्हाच त्याला नीट बसवून सांगायला हवं होतं की आजोबा, आमच्या धंद्यात मळलेला पायच चांगला. पण अशी गोष्ट सांगावी लागते हे कुणाच्या डोक्यात येतं?

मग तपासणीचं पत्र आलं. शहरातून दोघं येणार, केंद्र बघणार, शिकाऊ मुलीनं केलेले पेशंट बघणार, आणि कायमची मान्यता द्यायची की नाही ते ठरवणार. मान्यता मिळाली तर तिचे इथले महिने धरले जाणार होते आणि संस्था तिला इथंच नोकरीवर ठेवणार होती. नाही मिळाली तर ते महिने वाया, तिनं शहरात जाऊन सगळं पुन्हा करायचं, आणि इथं पुढं शिकाऊ माणूस येणार नाही. तिला इथंच राहायचं होतं. खरं सांगते, मला ते तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. माझे गुडघे आता कुरकुरतात. माझ्यानंतर या खोलीचं कुलूप कोण उघडणार, ही काळजी मला रोज असते.

खोडाळ्याच्या बाजारात तिनं आपल्या पेशंटना निरोप दिला की माझं काम बघायला मोठे साहेब येणार आहेत, सगळ्यांनी या, तुमच्यामुळे मी पास होणार. एवढंच. पुढचं त्या लोकांनी आपापसांत ठरवलं, आणि आम्हा दोघींना पत्ता लागू दिला नाही.

या भागात घरी पाहुणा येणार असला की घर सारवतात. लग्न असलं की भिंती गेरूनं रंगवतात, दिवाळीला गुरांना धुऊन रंगवतात. मोठा माणूस बघायला येणार आणि आपण मळकी वस्तू त्याच्यापुढे ठेवायची, हे त्यांना कसं पटावं? आणि इथं तर पोरीच्या पास-नापासाचा प्रश्न. जव्हारच्या बाजारात एका मुसलमान चाचांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आमच्या पट्ट्यांच्या कड्या आम्ही तिथूनच घेतो. त्यांनी म्हणे पेशंटना दाराला लावायचा तपकिरी ऑइलपेंट दिला, वर ब्रश दिला, आणि “पोरीची परीक्षा आहे, पैसे कसले देता?” म्हणाले. मला हे सगळं नंतर कळलं.

तपासणीच्या दिवशी आम्ही सकाळपासून खोली झाडून तयार. तपासणीला एक वयस्कर सर आणि एक मॅडम आल्या. चांगली माणसं होती, उगाच अकड नव्हती. चहा घेतला, भट्टी बघितली, बार हलवून बघितले. मग सर म्हणाले, “पेशंटना बोलवा.”

आधी साखरशेतची एक बाई आत आली. तिच्या रबरी पावलावर पैंजण आणि बोटांना लाल नेलपॉलिश. मी हसू दाबलं. मग तिचा पाय नीट बघितला आणि हसू गेलं. पट्टा नवा कोरा. तळाला ताजं रबर. अख्खा पाय चकचकीत तपकिरी. तिच्यामागे दुसरा, त्याचाही तसाच. आणि सगळ्यात शेवटी सूर्यमाळचा आजोबा, कुबडीवर. पाय त्याच्या खांद्याला, धुतलेल्या पांढऱ्या पंच्यात गुंडाळून लटकवलेला. पाड्यापासून जीपपर्यंतच्या चिखलात मळू नये म्हणून तो अख्खी वाट कुबडीनं उतरून आला होता! त्यानं पंचा सोडला, पाय बाहेर काढला आणि देवापुढे नारळ ठेवावा तसा सरांपुढे टेबलावर ठेवला. ऑइलपेंटचा वास खोलीभर पसरला.

सरांनी तेच केलं जे मी केलं असतं. पाय उचलला, उलटा केला, तळ बघितला. जुन्या तळावर आजोबानं जीपच्या टायरचं जाड रबर कापून चिकटवलं होतं आणि तेही रंगवलं होतं. झीज नाही, माती नाही, घाम नाही. सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी आजोबाला विचारलं, “बाबा, रोज घालता का हा?”

आजोबानं छाती पुढे काढली. “नाय मॅडम. जपून ठेवतो. पोरीनं केलाय, खराब कसा करू?”

“अहो आजोबा!” मी ओरडलेच. “काय बोलताय? बांधावर उभे राहून शिव्या कोण देत होतं?”

“मॅडम, तुम्ही बोलू नका,” सर शांतपणे म्हणाले. “पेशंटला सांगू दे.”

बरोबरच होतं त्यांचं. मी तपासणीला गेले असते तर मीही हेच म्हटलं असतं. मुलीनं त्याला त्याच्या बोलीत काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, तर मॅडम म्हणाल्या की आम्हाला कळेल अशा भाषेत बोला. ती मागे सरकली. आजोबा तिच्याकडे बघून हसला, काळजी करू नकोस असं हसला. मग बाकीच्यांनीही एकापाठोपाठ तेच सांगितलं. जपून ठेवतो. सणाला घालतो. कुणी म्हणे ट्रंकेत ठेवतो. त्यातला एक जण रोज डोक्यावर लाकडं घेऊन उतरणारा, हे मला ठाऊक, तिला ठाऊक, अख्ख्या गावाला ठाऊक. मला नुसतं बोंबलावंसं वाटत होतं.

शेवटी चालून दाखवा म्हणाले. आजोबानं पाय चढवला. टायरच्या रबरानं पाय बोटभर उंच झालेला, आणि आतला ओला रंग उरलेल्या पायावरच्या मोज्याला चिकटणारा. तो कंबर उचलून, पाय बाहेरून फिरवत चालला. जो माणूस टेकाड चढून उतरायचा तो सरळ फरशीवर दोनदा अडखळला आणि बार धरून उभा राहिला. तिच्या कामातली मेहनत, पायाचा कोन, उंची, सगळं त्या टायरखाली गाडलं गेलं.

मी दोघांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. रंगाचं, टायरचं, इथल्या रीतीचं. आवाज चढला असेल माझा, पण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. सर म्हणाले, “मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास बसतोय. पण मी डोळ्यांनी जे बघितलं तेच लिहू शकतो. पेशंट स्वतः सांगतात की वापरत नाही, आणि चाल तर तुम्हीही बघितलीत.” राग काढायला समोर एक वाईट माणूस तरी हवा होता. तोही नव्हता.

त्यांची गाडी निघून गेल्यावर मी आत आले तर ती जमिनीवर बसून आजोबाच्या पायाचं टायर छिन्नीनं सोडवत होती, परत जाताना तो पडू नये म्हणून. रडत नव्हती. आजोबा मात्र हिरमुसला होता. खालचा झिजलेला जुना तळ उघडा पडला तेव्हा त्यानं मान दुसरीकडे फिरवली.

मान्यता मिळाली नाही. पुन्हा अर्ज करा म्हणाले, मी केलाही, पण संस्थेनं हात वर केले. त्यांनाही शंभर व्याप. मुलीला जावं लागलं. जायच्या दिवशी तिनं सगळ्या पेशंटचे साचे पुसून फळीवर लावले, आणि मी तिला उगाचच भट्टीच्या बटणावरून झापलं. दुसरं काय करणार होते? गळ्यात पडून रडणं मला जमत नाही. तिनं शहरात सगळं पहिल्यापासून केलं, चांगल्या मार्कांनी केलं, आणि तिथल्याच एका मोठ्या इस्पितळात लागली. आता तिथं मशीन पायाचं माप घेतं, पेशंट बूट घालून येतात. मधूनमधून फोन येतो. “मॅडम, आजोबा कसे आहेत?” हे पहिलं विचारते. परत येतेस का, असं मी विचारत नाही. तिनं भावाला शिकायला तिकडे नेलंय, खोली घेतलीय. कोणत्या तोंडानं विचारू? पण खोडाळ्याची एसटी गेली की अजूनही मी दाराकडे बघते, आणि मग स्वतःवरच चिडते.

आजोबा तेव्हापासून आलाच नव्हता. यंदा उन्हाळ्यात मीच सूर्यमाळला गेले. विहिरी आटलेल्या, बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंड्यांपाशी बसलेल्या. आजोबाचं घर पाड्याच्या टोकाला. तो ओटीवर बसला होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. पाय कुठंय म्हणून विचारलं तर त्यानं वर बोट दाखवलं. आढ्याला टांगलेलं एक गाठोडं. सुनेनं ते खाली काढलं. पांढऱ्या पंच्याच्या आत प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत पाय. पुन्हा रंगवलेला. तळाला पुन्हा नवीन टायर.

“आजोबा, हे काय?” मी म्हटलं. “घालत का नाही?”

“खोडाळ्याला कळलं बाय. आमचे पाय खराब निघाले म्हनून पोरीला जावं लागलं. माझाच जुना होता. तिनं वरचं रबर काढलं तवा खालचा घाण दिसला, तो साहेबांनी आधीच वळखला आसंल.” तो अगदी हळू बोलत होता. “म्हनून मग घातलाच नाय.”

मी खाली बसले. पिशवीतून पाय काढला, त्याचा उरलेला पाय मांडीवर घेतला आणि सॉकेट चढवून बघितलं. जाईना. इतके महिने न घातल्यानं त्याच्या पायाचा आकार बदलला होता, मांस सैल पडून खाली सुजलं होतं, आणि गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडला होता. मी जोर करून बघितला. त्याला दुखलं असणार, पण तो बरा हाय, बरा हाय म्हणत राहिला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, या वयात, त्याच्या सुनेसमोर. मी सांगायला लागले की आजोबा, साहेबांना मळलेलाच पाय बघायचा होता हो, झिजलेलाच. तो कौतुकानं माझ्याकडे बघत राहिला, बाईमाणूस आपली समजूत काढतंय म्हणून. एका शब्दावरही त्याचा विश्वास बसला नाही.

मग त्यानं माझ्या हातातून पाय घेतला, माझी बोटं लागली होती तिथं पंच्यानं पुसला आणि सुनेकडे दिला.

“राहू दे बाय, मळेल,” तो म्हणाला. “पोरीला सांग, साहेबांना घेऊन ये म्हनावं. या खेपेला पाय कोरा हाय, एकदा पन जमिनीला लावला नाय.”